खूण आणि तिचा अर्थ

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिकच्या गोदाघाटावर एकच प्रश्न कानी येतो : "पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले?" रामकुंडाजवळ गोदावरीच्या काठी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या पावलांना लागले, गुडघ्यांपर्यंत चढले, कमरेला भिडले, असे वर्तमान गावभर पसरते आणि त्यावरून लोक पुराचा अंदाज बांधतात. धरणातून दर सेकंदाला किती घनफूट पाणी सुटले, याचा आकडाही जाहीर होत असतो आणि तो अचूक असतो. तरीही घाटावरच्या दुकानदाराला 'पाणी कमरेला लागले' एवढे तीन शब्द पुरतात. ते ऐकताच तो दुकानातील माल उंच जागी हलवू लागतो.

मारुतीची मूर्ती म्हणजे काही मोजपट्टी नव्हे. तिच्यावर आकडे कोरलेले नाहीत. मग तिच्याकडे पाहून पुराचे मान कसे कळते? पिढ्यान्‌पिढ्या नाशिककरांनी पूर पाहिले, पाणी मूर्तीच्या कोणत्या भागाला लागले असता कोणत्या गल्लीत शिरते हे लक्षात ठेवले आणि ते मुलाबाळांना सांगितले. पाणी आणि मूर्ती ही दोन्ही सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. त्यांचा अर्थ मात्र नाशिककरांच्या मनात असतो. परगावच्या यात्रेकरूला तेच दृश्य दिसते, पण त्यातून काही बोध होत नाही.

जी वस्तू स्वतःहून वेगळ्या अशा एखाद्या गोष्टीचे ज्ञान करून देते, तिला खूण किंवा चिन्ह म्हणतात. माणसाचे सारे जीवन अशा चिन्हांनी भरलेले आहे. दारावरचे तोरण, शाळेची घंटा, रस्त्यावरचा तांबडा दिवा, बोललेला शब्द, लिहिलेले अक्षर ही सर्व चिन्हेच होत. ती कोणत्या प्रकारची असतात आणि त्यांतून अर्थ कसा प्रकट होतो, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला चिन्हमीमांसा असे म्हणतात.

चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन मुख्य प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार साम्यावर आधारलेला असतो. चित्रातला घोडा खऱ्या घोड्यासारखा दिसतो, म्हणून तो घोड्याची खूण ठरतो. दुसरा प्रकार प्रत्यक्ष संबंधावर आधारलेला असतो. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे कळते, कारण अग्नीवाचून धूर निघत नाही. भारतातील न्यायशास्त्राने या धुराचा विचार फार प्राचीन काळापासून केला असून अशा खुणेला तेथे 'लिंग' असे नाव आहे. चिखलात उमटलेले पाऊल आणि पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ ही याच जातीची चिन्हे होत. तिसरा प्रकार संकेताचा. येथे साम्यही नसते आणि प्रत्यक्ष संबंधही नसतो. असते ती केवळ माणसामाणसांतील संमती. 'पाणी' या शब्दात ओलावा नाही. त्याच पदार्थाला कानडी माणूस 'नीरु' म्हणतो आणि त्याचीही तहान तितकीच भागते. स्वित्झर्लंडमधील भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर याने शब्द आणि अर्थ यांच्यातील या संमतीवर विशेष भर दिला. त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, त्याच्या व्याख्यानांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विचाराला जगभर चालना मिळाली.

हे तिन्ही प्रकार पाहावयाचे असतील, आणि संमती हरवली म्हणजे चिन्हाचे काय होते हेही जाणून घ्यावयाचे असेल, तर नाशिककरांस दूर जाण्याचे कारण नाही. शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा मार्गालगत एक डोंगर आहे. प्राचीन लेखांत त्याला 'त्रिरश्मी' या अर्थाचे नाव आढळते. या डोंगराच्या कुशीत चोवीस लेणी खोदलेली आहेत. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदली जाऊ लागली. लोक मात्र त्यांना 'पांडवलेणी' म्हणतात. वस्तुतः पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. मग हे नाव कसे पडले असावे?

या प्रश्नाचे उत्तर लेण्यांच्या भिंतींवरच आहे. तेथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत अनेक लेख कोरलेले आहेत. लेणे कोणी खोदविले, कोणास दिले, त्यासाठी काय व्यवस्था केली, हे सारे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख उषवदाताचे आहेत. क्षहरात घराण्यातील नहपान या क्षत्रपाचा हा जावई. भिक्षूंना वस्त्रे मिळत राहावीत म्हणून त्याने ३,००० कार्षापण नाणी जवळच्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २,००० नाण्यांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १,००० नाण्यांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दलास कोणी हात लावावयाचा नव्हता. व्याजाच्या रकमेतून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालावयाचा होता. हा सर्व करार नगराच्या सभेत वाचून दाखविला आणि फलकावर नोंदविला, असेही लेखात म्हटले आहे.

उषवदाताने केवळ दगडावर विसंबून भागविले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. करार दगडावर कोरला तो टिकावा म्हणून. सभेत वाचला तो सर्वांना ठाऊक व्हावा म्हणून. कोरलेल्या अक्षरांमागे ती जाणणारी माणसे उभी असली पाहिजेत, हे त्या काळच्या व्यवहारी लोकांना पक्के ठाऊक होते.

परंतु ही माणसे कायम उभी राहिली नाहीत. राज्ये बदलली, भिक्षूंची वस्ती उठली. लिपीही बदलत गेली. ब्राह्मीच्या अक्षरांना हळूहळू नवी वळणे पडली आणि त्यांतूनच पुढे देवनागरी घडली. नवी अक्षरे शिकलेल्यांना जुनी अक्षरे ओळखू येईनाशी झाली. लेण्यांतील अक्षरे जागच्या जागी, बरीचशी अखंड होती. पण त्यांचा संकेत जाणणारा कोणी उरला नाही. डोंगरात एवढे प्रचंड काम कोणी केले असेल, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडे आणि उत्तर देणारी ओळ डोक्यावरच्या भिंतीवर असूनही तो ती वाचू शकत नसे. तेव्हा लोकांनी आपल्या परिचयातील थोर पुरुषांचे नाव तेथे जोडले. 'पांडवलेणी' हे नावसुद्धा अशा रीतीने एक खूणच आहे. वाचनाचा धागा मध्येच तुटला होता, हे त्या नावावरून कळते.

हा धागा पुन्हा जुळला तो दूर कलकत्त्यात. जेम्स प्रिन्सेप हा तेथील टांकसाळीत नाण्यांतील धातूचा कस तपासणारा अधिकारी होता. जुनी नाणी हाताळता हाताळता त्याला जुन्या लिपींचे वेड लागले. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यावर आणि खांबांवर ब्राह्मीतील अनेक आखूड लेख आहेत. त्यांचे ठसे पाहताना, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, असे त्याच्या ध्यानात आले. देवस्थानात निरनिराळे लोक अशा आखूड ओळी कशासाठी कोरवितील? दान दिल्याची नोंद राहावी म्हणूनच, असे त्याने अनुमान केले. मग शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे. या एका शब्दाने 'द' आणि 'न' ही अक्षरे हाती आली. त्याआधीच्या 'स' या अक्षराने 'अमक्याचे' हा अर्थ कळला. आणि पाहता पाहता सारी वर्णमाला उलगडली. हे १८३७ साली घडले. दान करणे व त्याची नोंद ठेवणे हा माणसाचा व्यवहार हजारो वर्षांत बदलला नव्हता, म्हणूनच हरवलेला संकेत पुन्हा सापडू शकला. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या पंडितांनी नाशिकच्या लेखांचे वाचन केले आणि मुका झालेला डोंगर बोलू लागला.

तो काय बोलला, हे तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाहावे. तेथे गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहन घराण्यातील महापराक्रमी राजा. तो दिवंगत झाल्यावर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी, तिने हे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले आणि त्या निमित्ताने पुत्राचे गुण व पराक्रम दगडावर कोरविले. त्याने शक, यवन व पह्लव यांचा पाडाव केला, क्षहरातांचा वंश निर्मूल केला आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रतिष्ठित केले, असे ती सांगते. पुत्र गेला, नातू गेला, साम्राज्य लयाला गेले. परंतु मातेने लिहविलेल्या या ओळींनी त्या राजाची स्मृती जतन केली. लिपी कायमची विसरली गेली असती, तर एका मातेचे हे बोलणे कोणाच्याही कानी पडले नसते.

येथे एक शंका येते. मातेने केलेली पुत्राची स्तुती अक्षरशः खरी मानावी काय? शब्द हे संकेताचे चिन्ह आहे, आणि संकेताने जसे खरे सांगता येते तसे वाढवूनही सांगता येते. मग इतिहासकाराने विश्वास कशावर ठेवावा? दुसऱ्या जातीची एखादी खूण तेच सांगत असेल, तर शब्दाला बळकटी येते. अशी खूण नाशिक जिल्ह्यातच सापडली.

१९०६ साली जोगलथेंबी या गावी जमिनीत चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती सर्व नहपानाची होती. मूळ नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा व त्याभोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र यांच्या आकृती आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींतील मजकूर. राजाचे नाव एकच, पण ते तीन लिपींत लिहिलेले. ज्याला जी लिपी वाचता येईल त्याने ती वाचावी आणि जो निरक्षर असेल त्याने मुखवटा पाहावा, अशी सोय एका लहानशा नाण्यावर झाली होती.

परंतु या साठ्याचे खरे महत्त्व पुढेच आहे. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आढळला. नव्या ठशात एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव होते; दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे जोडणारे फुलीसारखे चिन्ह होते. कित्येक नाण्यांवर या नव्या ठशाखालून नहपानाच्या मुखवट्याचा किंवा अक्षरांचा काही भाग अजूनही डोकावतो. खालचा ठसा आधीचा आणि वरचा नंतरचा, याविषयी वाद संभवत नाही. चिखलातील पावलाप्रमाणे ही प्रत्यक्ष संबंधाची खूण आहे. राजमातेने जे शब्दांनी सांगितले, त्याची साक्ष चांदीने दिली. नहपानाची सत्ता गेली होती आणि सातकर्णीची आली होती.

सातकर्णीला ती नाणी वितळवून नवी पाडता आली असती. त्याने जुन्या नाण्यांवरच आपली खूण उमटविली. नाणे ज्याच्या हाती जाई, त्याला एका दृष्टिक्षेपात दोन गोष्टी कळत : चांदी तीच आहे, आणि तिची हमी देणारा राजा बदललेला आहे. बाजारात भाजी घेणाऱ्यापर्यंत ही वार्ता पोहोचविण्यास दवंडीची गरज उरली नाही.

आता या नाण्यावरील डोंगराकडे पुन्हा पाहावे. ती तीन कमानींची आकृती डोंगराची की स्तूपाची, याविषयी विद्वानांत एकमत नाही. चार वर्तुळांचे चिन्ह उज्जयिनीच्या नाण्यांवर विपुल आढळते, म्हणून त्याला 'उज्जयिनी चिन्ह' असे नाव पडले. पण त्याचा मूळ अर्थ काय, हे अद्याप निश्चित झालेले नाही. अक्षरांचा संकेत प्रिन्सेपच्या प्रयत्नाने सापडला. या आकृत्यांचा संकेत पुरतेपणी सापडलेला नाही. एकाच नाण्यावर बोलणारे चिन्ह आणि मुके चिन्ह शेजारीशेजारी उभे आहे.

जुन्या खुणेवर नवी खूण उमटविण्याचा हा प्रकार केवळ प्राचीन काळचा नव्हे. लेण्यांच्या डोंगरापासून काही किलोमीटरांवर असलेल्या नाशिकरोड येथे टपालाची तिकिटे छापणारे सरकारी मुद्रणालय १९२५ साली आणि चलनी नोटा छापणारे मुद्रणालय १९२८ साली सुरू झाले. १९४७ च्या ऑगस्ट महिन्यात देशाची फाळणी होऊन पाकिस्तान हे नवे राष्ट्र निर्माण झाले. त्याला आपली तिकिटे तयार करण्यास अवधी मिळाला नव्हता. तेव्हा सहाव्या जॉर्ज राजाचे चित्र असलेल्या भारतीय तिकिटांवर 'पाकिस्तान' हा शब्द वरून छापण्यात आला. हे काम नाशिकरोडच्या मुद्रणालयात झाले आणि १ ऑक्टोबर १९४७ रोजी ती तिकिटे प्रचारात आली. जोगलथेंबीच्या नाण्यांप्रमाणेच येथेही खाली जुना राजा होता आणि वर नव्या सत्तेचे नाव होते. शिक्क्याचा आघात जाऊन शाईचा ठसा आला होता, एवढाच फरक. भारतानेही त्याच वर्षी, २१ नोव्हेंबरला, आपले पहिले स्वतंत्र तिकीट काढले; त्यावर तिरंगी ध्वज होता. १९४९ साली एक रुपयाची नवी नोट निघाली, तेव्हा राजाच्या मुखवट्याच्या जागी सारनाथ येथील अशोकस्तंभाचे सिंह आले. प्रत्येक घरी जाणाऱ्या त्या कागदाने देशाचा मालक बदलल्याची वार्ता दिली.

आजच्या नोटेतही चिन्हांचे तिन्ही प्रकार एकत्र नांदतात. महात्मा गांधींची प्रतिमा साम्याची खूण आहे. २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्या मेळातून घडले असून ते संकेताचे उदाहरण आहे. तिच्या मागील बाजूस नोटेची किंमत पंधरा भाषांत लिहिलेली असते. त्यांत मराठीही आहे. नहपानाने तीन लिपींत जे साधले, तेच येथे अधिक विस्ताराने साधले आहे. एवढेच नव्हे, तर ज्यांना दिसत नाही त्यांचाही विचार झालेला आहे. शंभर रुपयांच्या नोटेच्या कडांवर चार आणि पाचशेच्या नोटेच्या कडांवर पाच उठावदार तिरप्या रेघा असतात. अंध माणूस बोटांनी त्या मोजतो आणि नोट ओळखतो. मात्र चार रेघा म्हणजे चार रुपये नव्हेत, चारशे रुपयेही नव्हेत. त्या शंभरांच्या आहेत, हे कोणीतरी त्याला आधी सांगितलेले असावे लागते. कागद संबंधाची खूणही बाळगून असतो. वापराने मऊ पडलेली, घडीवर विरलेली नोट अनेक हातांतून गेलेली आहे, हे न सांगता कळते.

चिन्ह टिकविण्यासाठी माणसाने दगड, चांदी, कागद अशी साधने वापरली. त्यांतील दगड सर्वांत चिवट. पण त्रिरश्मी डोंगरावरील दगडालाही शतकानुशतके मौन धरावे लागले. कारण चिन्ह दगडात राहिले, तरी अर्थ दगडात राहत नाही. तो जाणत्या माणसांच्या मनात राहतो आणि एका मनातून दुसऱ्या मनात सोपविला गेला, तरच पुढे जातो. शाळेत गिरविलेले प्रत्येक अक्षर हे अशा सोपवणुकीचेच काम आहे.

गोदेला पूर येतो तेव्हा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर मुलांची गर्दी होते. एखादे लहान मूल मारुतीकडे बोट दाखवून विचारते, "पाणी कमरेला लागले म्हणजे काय?" शेजारी उभे असलेले आजोबा त्याला पाणी कोणत्या गल्लीत शिरेल ते सांगतात, आणि ज्या वर्षी ते त्याहून वर चढले होते त्या वर्षाची हकिकत सांगतात. मूल पुन्हा मारुतीकडे पाहते. आता त्याला तेच पाणी निराळे दिसू लागलेले असते.